लोकर कोणाला हवी होती?

(कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू शेतकऱ्यांपुढे परळ, मुंबई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून त्यावर चर्चा व्हावी.)



कापूसवाला आणि ज्वारीवाला परळला आला म्हणजे त्याच्यापुढे गिरण्यांविषयी बोलावे, कापसाच्या भावाविषयी बोलावे, अशी रीत आहे. आम्ही आज मेंढीविषयी बोलणार आहोत. तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, मेंढी धनगराची, आमचा तिच्याशी संबंध काय? संबंध आहे. कापूस निघाला की पऱ्हाटीत कोण चरते? ज्वारीच्या धसकटात रात्री कोणाला बसवता? शेणखताला गाडी मिळेना तेव्हा लेंडीखतासाठी कोणाच्या वाड्यावर निरोप पाठवता? आणि दुष्काळात बैल विकून झाल्यावर ज्याच्या दारात चार मेंढ्या उरतात त्याच्या घरात चूल पेटते, हेही तुम्ही पाहिले आहे.

दुसरे कारण या जागेचे आहे. या परळ-लालबागच्या पट्ट्याने सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आपला कापूस कातला आणि विणला. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली सूतगिरणी उभी करायला घेतली. पुढे गिरणगाव वाढत गेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या पूर्वीसारख्या कधीच चालल्या नाहीत. जिथे भोंगे वाजत होते तिथे आज काचेच्या इमारती आहेत. गिरण्यांनी कापूस मागणे बंद केले. पण लालबागच्या, गिरगावच्या, दादरच्या माणसाने रविवारचे मटण मागणे बंद केलेले नाही. आखाडात तर मटणाच्या दुकानापुढे रांगा लागतात. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला तेव्हापासून शेळ्या-मेंढ्यांचे ट्रक तिकडे येतात, त्यांत राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशचा माल मोठा असतो. म्हणजे गिऱ्हाईक आपल्या दाराशी आहे आणि माल दुसऱ्याचा येतो. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत सुमारे २७ लाख मेंढ्या भरल्या. या मेंढ्यांची एका वेतात एक कोकरू देण्याची रीत आहे. एकाची दोन झाली तर काय होईल, हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्याला मिळालेली उत्तरे समजून घेण्यासारखी आहेत, कारण तीच उत्तरे आपल्याला कापसाच्या आणि ज्वारीच्या बियाण्यालाही लागू पडतात.

थंड मुलखाचे गणित

मेंढीचा संकर ही मूळची थंड मुलखाची विद्या. तिचे गणित आधी पाहू.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये उंच डोंगरावर वारा, बर्फ आणि निकस गवत. तिथे काटक जातीच राहतात. स्कॉटिश ब्लॅकफेस, स्वेलडेल ही त्यांची नावे. ही मेंढी डोंगरावर चार-पाच वेते देते. मग वय वाढले की तिला खाली, मधल्या उताराच्या शेतकऱ्याकडे विकतात. तो तिला ब्लूफेस्ड लेस्टर जातीचा नर लावतो. या जातीचे गुण म्हणजे जास्त कोकरे आणि भरपूर दूध. होणाऱ्या माद्यांना तिकडे 'म्यूल' म्हणतात. या म्यूल माद्या सपाटीच्या शेतकऱ्याकडे जातात. तिथे गवत चांगले, म्हणून तो त्यांना टेक्सेल किंवा सफोक हा मांसल नर लावतो आणि होणारी सगळी कोकरे खाटकाला विकतो. तीन पायऱ्या, तीन शेतकरी, तीन प्रकारची जमीन. डोंगरवाल्याला मांसल मेंढी ठेवायचा मोह होत नाही, कारण ती बर्फात मरेल हे त्याला ठाऊक असते. सपाटीवाला काटक मेंढीवर समाधान मानत नाही, कारण त्याचे गवत वाया जाईल.

आणखी उत्तरेला फिनलंड. तिथली मेंढी अंगाने हलकी, पण एका वेतात दोन, तीन, कधी चार कोकरे देते. रशियात व्होल्गाकाठची रोमानोव्ह तशीच. गेल्या साठ वर्षांत इंग्लंड, अमेरिका, कॅनडा यांनी फिनलंडची मेंढी नेली आणि आपल्या मांसल जातींशी तिचा संकर केला. अमेरिकेची पॉलीपे, कॅनडाची रिडो आर्कॉट या जाती अशाच चार ठिकाणचे रक्त एकत्र करून बांधल्या. पण हे लक्षात ठेवा, की तिथे हिवाळ्यात मेंढी गोठ्यात असते. वाळलेले गवत आणि धान्य तिच्या पुढे टाकले जाते. कोकरू गोठ्यात जन्मते, त्याच्यावर नजर असते, तिसऱ्या कोकराला बाटलीने दूध पाजायची सोय असते. जास्त कोकरांची मेंढी आणि जास्त चाऱ्याचा गोठा हे तिकडे जोडीने येतात.

आणि थंड मुलखातही संकर नेहमी साधतो असे नाही. आइसलँडची गोष्ट ऐका. १९३३ साली त्या देशाने जर्मनीतून काराकूल जातीच्या २० मेंढ्या आणल्या. हेतू चांगला, आपल्या मेंढीची पैदास सुधारावी. मेंढ्या दिसायला निरोगी होत्या. त्यांच्याबरोबर फुफ्फुसाचे आणि आतड्याचे असे रोग आले की जे त्या बेटावर कधी नव्हते. रोग सावकाश दिसणारे होते, त्यामुळे कळेपर्यंत ते शेजारच्या कळपांत पसरले. देशभर कुंपणे घालावी लागली. भागच्या भाग रिकामे करून लाखो मेंढ्या कापाव्या लागल्या आणि निरोगी भागातून नव्या आणाव्या लागल्या. फुफ्फुसाचा एक रोग घालवायला १९६० नंतरची वर्षे उजाडली. वीस मेंढ्यांची ही किंमत. आणणारे अधिकारी होते, किंमत मोजली शेतकऱ्यांनी.

आपल्याकडे काय झाले

आता आपल्या देशात या. स्वातंत्र्यानंतर सरकारने मेंढीकडे पाहिले ते लोकरीच्या नजरेने. सुटाबुटाचे कापड विणायला मऊ लोकर लागते. ती ऑस्ट्रेलियातून आणावी लागते, परकीय चलन जाते. तेव्हा देशी मेंढीवर मऊ लोकरीचा विलायती नर सोडा आणि लोकर इथेच पिकवा, असे धोरण ठरले. १९६२ मध्ये राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली. रॅम्बुले, मेरिनो, कॉरिडेल असे नर परदेशातून आले आणि देशभर संकराचे प्रयोग सुरू झाले. आपल्या दख्खनी मेंढीवरही विलायती रक्ताचे प्रयोग झाले.

काश्मीरमध्ये हे बऱ्यापैकी जमले. गद्दी, भाकरवाल, पूंछी या तिथल्या मेंढ्या आणि मेरिनो यांच्या संकरातून 'काश्मीर मेरिनो' उभी राहिली. का जमले? हवा थंड, उन्हाळ्यात उंचावरची कुरणे हिरवी, आणि अंगावर जाड लोकर असणे ही मेंढीचीच गरज. जात आणि जागा यांची गाठ पडली.

दख्खनात ही गाठ पडली नाही. आपली दख्खनी मेंढी कशी आहे ते तुम्हांला सांगायला नको. काळी किंवा काळीपांढरी, तीस किलोच्या आसपास वजनाची, अंगावर भरड लोकर. लोणंद, संगमनेर, सोलापूर, कोल्हापूर या भागांत तिचे थोडेथोडे वेगळे प्रकार आहेत. जतकडची माडग्याळ मेंढी त्यांच्यात उंच आणि वजनदार. पावसाळ्यात माणदेश, सांगोला, आटपाडीच्या माळावर आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात भाताच्या खाचरांत, असे शेकडो मैल ती चालते. बाभळीच्या शेंगा खाते, धसकटे खाते, मिळेल ते पाणी पिते. अशा मेंढीच्या अंगावर मऊ, दाट लोकर घातली तर काय होईल? कुसळे आणि गोखरू त्या लोकरीत अडकतील. पहिल्या पावसात ती भिजेल आणि सुकणार नाही. चैत्रात जनावर धापा टाकील.

आणि समजा हे सगळे सोसून लोकर आली, तर घेणार कोण? दख्खनी मेंढीची लोकर वर्षाला अर्धा-पाऊण किलो. ती घोंगडीची लोकर. काळी, भरड, पाणी न लागू देणारी. गिरणगावातल्या खोलीत गावाकडून आलेली घोंगडी असायची, वारकऱ्याच्या खांद्यावर असायची, पावसात औत धरणाऱ्याच्या डोक्यावर असायची. त्या घोंगडीला मेरिनोची लोकर काही कामाची नाही. आणि सुटाच्या कापडाला चार मेंढ्यांची, प्रतवारी न केलेली, मिसळ लोकर काही कामाची नाही. पुढे घोंगडीची जागा स्वस्त ब्लँकेटने घेतली आणि आज कित्येक वाड्यांवर कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही.

मेंढपाळाला पैसा मिळतो तो कोकरू विकून. शंभरातले जवळजवळ सगळे उत्पन्न कोकराचे आणि वर थोडे खताला बसवण्याचे. म्हणजे ज्या मालाला भाव नव्हता तो वाढवण्यात वर्षे गेली, आणि ज्या मालाला लालबागपासून लोणंदपर्यंत भाव होता त्याचा विचार मागून आला. लोकर गिरणीला हवी होती. परकीय चलन सरकारला हवे होते. मेंढी ज्याची, त्याला काय हवे होते हे त्याला कोणी विचारले नाही.

कापूसवाल्यांनो, ही गोष्ट ओळखीची वाटते का? ज्वारीवाल्यांनो, तुम्हांला तर वाटलीच पाहिजे. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, ताट बुटके झाले. शास्त्रज्ञाने दाणा मोजला. शेतकऱ्याच्या घरी मात्र दाण्याची भाकरी होते आणि ताटाचा कडबा होतो, आणि बैलाला बुटकेपणाचे कौतुक नसते. म्हणून रब्बीत आजही मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी टिकून आहे. शेतकरी अडाणी म्हणून त्याने मालदांडी धरून ठेवली असे नव्हे. त्याला दोन्ही पिके मोजता येतात म्हणून धरून ठेवली.

बंगालची बुटकी मेंढी

मग मेंढी सुधारूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. परदेशी ते वाईट आणि देशी ते सोवळे, असेही आम्ही मानत नाही. आता दुसरी गोष्ट ऐका. ही फलटणची आहे.

बंगालच्या सुंदरबनात, खाडीच्या चिखलात आणि पाणथळ गवतात एक बुटकी मेंढी असते. तिचे नाव गॅरोल. मोठी मादी जेमतेम दहा-बारा किलोची. बाजारात तिला पाहून आपला मेंढपाळ हसेल. पण ती एका वेतात दोन-दोन, तीन-तीन कोकरे देते.

आता या मेंढीचा प्रवास पाहा. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या गेल्या. तिथे त्या इतर मेंढ्यांत मिसळून गेल्या आणि लोक विसरले. दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या बूरूला नावाच्या शेतावर दोन भावांनी आपल्या मेरिनो कळपातल्या जुळी-तिळी देणाऱ्या माद्या वेगळ्या काढून ठेवायला सुरुवात केली. ते शास्त्रज्ञ नव्हते. ते शेतकरी होते आणि डोळे उघडे ठेवून निवड करत होते. १९५८ पासून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने त्या कळपातली जनावरे घेऊन अभ्यास केला. तेव्हा दिसले की जुळ्यांचा हा गुण एका जनुकाचा आहे. हेलन न्यूटन टर्नर या संशोधिकेने जुनी कागदपत्रे चाळून म्हटले की हा गुण बंगालच्या मेंढीतून आला असावा. २००१ मध्ये ते जनुक नेमके कोणते हे सापडले आणि २००२ मध्ये सिद्ध झाले की गॅरोलच्या अंगात तेच जनुक आहे. आपल्या घरचे दाणे परदेशात पेरले गेले आणि त्यांची ओळख आपल्याला तिकडून कळली.

पण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नारी'ने, या उत्तराची वाट पाहिली नव्हती. ही संस्था बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये काढली. १९९३ मध्ये संस्थेने सुंदरबनातून गॅरोल मेंढ्या फलटणला आणल्या. डॉ. चंदा निंबकर यांनी पुढे हे काम वाढवले. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचे सहकार्य मिळाले. रक्ताच्या थेंबावरून जनुक ओळखण्याची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाली. यातून जी मेंढी उभी राहिली तिला 'नारी सुवर्णा' म्हणतात.

त्यांनी काय केले, हे नीट समजून घ्या, कारण खरा धडा इथे आहे. दख्खनी मादीला गॅरोल नर लावला की पिल्लात निम्मे रक्त गॅरोलचे येते. जुळ्यांचा गुण येतो, पण अंग लहान होते. लहान कोकरू बाजारात कोण घेणार? म्हणून त्या पिल्लांचा पुन्हा दख्खनीशी संकर केला. गॅरोलचे रक्त पाव झाले. पुन्हा केला, दोन आणे झाले. प्रत्येक पिढीत रक्त तपासून ज्यांच्यात जुळ्यांचे जनुक आहे तेवढीच जनावरे पुढे ठेवली. अंगाने मोठ्या बन्नूर मेंढीचे रक्तही त्यात मिसळले. असे करत मेंढी आपल्या माळावरची राहिली, तिच्या अंगात बंगालचा एवढा एकच गुण राहिला. ज्याची उणीव होती तेवढेच बाहेरून घेतले. सगळी मेंढी बदलली नाही.

दुसरा धडा. ज्या नराच्या अंगात या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत, त्याच्या प्रत्येक पिल्लात एक प्रत उतरतेच. त्याच्या मुली कळपात राहतात आणि गुण पुढे नेतात. कापूसवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ हे वाण दिले. ते मोठे काम होते. पण संकरित कापसाची सरकी पेरून तसाच कापूस येत नाही, थैली दरवर्षी घ्यावी लागते. या मेंढीला थैली लागत नाही. चांगला नर एकदा आणला आणि नोंद नीट ठेवली की गुण आपल्या वाड्यात वाढतो. मात्र ज्या माद्यांत एकच प्रत आहे त्यांना साधा नर लावला, तर निम्म्याच पिल्लांत तो गुण येतो. म्हणून नोंद नाही तर काही नाही.

हिशेब

मेंढपाळांच्या कळपात एक प्रत असलेल्या माद्या शंभर वेतांत सुमारे १४० ते १५० कोकरे देतात असा अनुभव आहे. साधी दख्खनी शंभराच्या आसपास देते. ऐकून तोंडाला पाणी सुटते. पण आपण शेतकरी आहोत, एकरी उताऱ्याच्या जाहिराती पुष्कळ पाहिल्या आहेत. हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे घालून पुन्हा करा.

समजा २० माद्या आहेत. साध्या असतील तर २० कोकरे झाली, ३ दगावली, १७ राहिली. विकताना सरासरी १५ किलो भरली. एकूण २५५ किलो.

जुळ्यांच्या असतील तर ३० कोकरे झाली. जुळे कोकरू जन्मतः हलके, मरतूक जास्त. समजा ६ दगावली, २४ राहिली. वजन थोडे कमी, सरासरी १३ किलो. एकूण ३१२ किलो. म्हणजे ५७ किलो जास्त. जिवंत वजनाला किलोमागे ३०० रुपये धरले तर १७,१०० रुपये जास्त आले.

आता खर्च. मादीला गाभणपणाच्या शेवटी आणि विल्यानंतर मिळून ६० दिवस रोज २०० ग्रॅम पेंड जास्त द्यावी लागली, तर २० माद्यांना २४० किलो. किलोला ३५ रुपयांनी ८,४०० रुपये. औषधपाणी, लस, जंतनाशक मिळून आणखी २,००० धरा. उरले ६,७००. वाईट नाही. पण स्वर्गही नाही.

आणि आता तिसरा हिशेब करा. पेंड दिली नाही, गोठ्यात आडोसा नाही, आणि ३० कोकरांपैकी ११ दगावली. राहिली १९, सरासरी १३ किलोने २४७ किलो. म्हणजे साध्या मेंढीपेक्षाही कमी! शिवाय मादी खंगली ती वेगळीच. जनुकाचे काम एवढेच की मादीच्या पोटात एकाऐवजी दोन अंडी पिकावीत. ते दूध वाढवत नाही, चारा उगवत नाही, कोकराला थंडीत पांघरूण घालत नाही. २००२ मध्ये बीटी कापूस आला तेव्हाही आपण हेच शिकलो. एका जनुकाने हिरव्या बोंडअळीला अडवले. त्याने पाऊस पाडला नाही, भाव दिला नाही, आणि पुढे गुलाबी बोंडअळीने त्यालाही दाद दिली नाही. नव्या ज्ञानाचा द्वेष करू नका. त्याच्याकडून त्याच्या कामापलीकडची अपेक्षाही करू नका.

फलटणच्या कामातली शहाणपणाची गोष्ट ही, की त्यांनी तिळ्यांचा हव्यास धरला नाही. आपल्या माळावरच्या मेंढीला दोन कोकरे कशीबशी पोसतात. तिसरे आले की तिघेही अर्धपोटी. म्हणून दोन प्रतींच्या माद्यांपेक्षा एक प्रत असलेली मादी मेंढपाळाला सोयीची.

चारा कोणाच्या शेतात आहे?

भावांनो, आता तुमचा संबंध पुन्हा येतो. जुळी देणाऱ्या मेंढीला जो जादा चारा लागतो तो धनगराच्या वाड्यावर नाही. तो तुमच्या शेतात आहे. ज्वारीचा कडबा, तुरीचा भुसा, हरभऱ्याचा घाटा, सरकीची पेंड हे सगळे कोरडवाहू शेतातून निघते. ज्वारी मोडून जिथे सगळे सोयाबीन झाले तिथे कडबाही संपला, आणि मग मेंढीवाला गावाबाहेरून निघून जातो. गेल्या काही वर्षांत आपण त्याला बांधावरून हाकलायलाही शिकलो. गायरान गेले, वनखाते आडवे येते, आणि शेतकरी म्हणतो माझी पऱ्हाटी खाल्ली. मग रासायनिक खताच्या रांगेत उभा राहून तोच शेतकरी म्हणतो, जमीन पहिल्यासारखी राहिली नाही.

ब्रिटनच्या तीन पायऱ्यांची गोष्ट आम्ही उगाच सांगितली नाही. तिथे डोंगरवाला, उतारावरचा आणि सपाटीवाला एकमेकांशी बांधलेले आहेत. आपल्याकडेही अशी बांधणी होऊ शकते. धनगराने माद्या सांभाळाव्यात, चालवाव्यात. ती विद्या त्याची आहे, आपल्याला एका वर्षात येणार नाही. शेतकऱ्याने व्याण्याच्या दिवसांत शेतात जागा, कडबा आणि आडोसा द्यावा, बदल्यात लेंडीखत घ्यावे. दूध तुटलेली कोकरे दोन-तीन महिने शेतावर बांधून वजन करून विकावीत, त्यातला वाटा आधी ठरवून घ्यावा. घरातल्या बायका हे काम आजही करतात. चार करडे, दोन कोकरे त्यांच्याच हातावर वाढतात. तेव्हा पैसाही त्यांच्या हातात यावा, हे आम्ही इथेच सांगून ठेवतो.

नव्या जातीच्या दारात चार प्रश्न

उद्या तुमच्या जिल्ह्यात कोणीतरी येईल. म्हणेल, अमक्या देशाचा नर आहे, शंभर किलोचा होतो, दुप्पट दूध देतो, चौपट कोकरे देतो. त्याला हाकलू नका आणि त्याच्या पायाही पडू नका. त्याला चार प्रश्न विचारा.

पहिला: या जनावरात जे वाढणार आहे ते आमच्याकडून कोण विकत घेतो, आणि काय भावाने? लोकरीची गोष्ट आठवा.

दुसरा: हे जिथून आले तिथे ते काय खात होते, आणि ते आमच्या शिवारात चैत्र-वैशाखात मिळते का? फिनलंडचा गोठा आठवा.

तिसरा: याच्याबरोबर कोणते रोग येतील, याला किती दिवस वेगळे ठेवले, कोणी तपासले? आइसलँडच्या वीस मेंढ्या आठवा. देवी, आंत्रविषार, पीपीआर यांच्या लसी आपल्याच कळपाला वेळेवर टोचल्या जात नाहीत, मग नव्या पाहुण्याचे काय?

चौथा: यातला नेमका कोणता गुण आम्हांला हवा आहे? तेवढाच घेऊन बाकीची आमची मेंढी आमचीच राहील असे करता येईल का? गॅरोल आठवा.

या चार प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नका. लिहून घ्या.

आणि बाहेरून काहीही आणण्याआधी जे फुकट आहे ते करा. कळपातला नर बदला. तीन-तीन वर्षे तोच नर, त्याच्याच मुलींवर, यात कोकरे मरतात आणि खुरटतात. शेजारच्या तालुक्याच्या वाड्याशी नरांची अदलाबदल करा. ज्या मादीने जुळी दिली आणि दोन्ही जगवली तिचे नर कोकरू खाटकाला देऊ नका, ते पैदाशीला ठेवा. हलके, खुरटे नर वेळेवर खच्ची करा. बूरूलाच्या त्या दोन भावांनी यापेक्षा वेगळे काही केले नव्हते. त्यांनी पाहिले, निवडले आणि टिकवले.

आता जिल्हा बैठकीला काम. प्रत्येक तालुक्यातून पाच शेतकरी आणि पाच मेंढपाळ एकत्र बसवा. एका वहीत नोंद सुरू करा. कोणती मादी, कधी व्याली, किती दिली, किती जगली, विकताना वजन किती. एक वर्ष एवढेच करा. वर्षानंतर ज्या तालुक्याच्या वहीत मरतूक दहात एकाच्या आत असेल, त्या तालुक्याने जुळ्यांचा नर आणायचा विचार करावा. फलटणला जाऊन पाहावे, पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरला बरोबर घ्यावे, आणि आधी एकाच कळपात लावून पाहावे. ज्यांची मरतूक दहात तीन आहे त्यांनी नराच्या मागे लागू नये. त्यांनी आधी आडोसा बांधावा, लस टोचावी, पेंडीची सोय करावी. त्यांना तेवढ्यानेच जास्त कोकरे मिळतील, तीही नव्या नराशिवाय.

या परळमध्येच १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. इथे शिकलेले डॉक्टर आपल्या जिल्ह्यांत काम करतात. त्यांच्याकडे ज्ञान आहे. तुमच्याकडे मेंढी आहे, माळ आहे आणि हिशेब आहे. आजवर ज्ञानवाल्याने ठरवले आणि मेंढीवाल्याने सोसले. वही हातात आली की बोलणे बरोबरीचे होईल. परळच्या गिरणीने कसला धागा हवा ते सांगितले आणि आपण तसा कापूस पिकवत गेलो. लालबागच्या गिऱ्हाइकाला काय हवे ते आता आपल्याला ठाऊक आहे. आपल्या मेंढीला काय झेपते तेही ठाऊक आहे. या दोहोंच्या मध्ये कोणता नर बसतो, हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, आणि तो वापरायला पुढच्या बैठकीपासून सुरुवात करा.